पाकिटावर अक्षर माझंच होतं

मेडिकलमधून चुकीचं औषध गेलं की पहिलं बोट डॉक्टरांच्या अक्षराकडे जातं. आमच्या धंद्यातला तो हक्काचा विनोद आहे. म्हणून आधीच सांगून टाकते, या प्रकरणातली चिठ्ठी कॉम्प्युटरवर छापलेली होती, मोठ्या अक्षरांत, मात्रेसकट आणि वारासकट. चुकीचं लिहिलं गेलं ते पाकिटावर, निळ्या पेनानं, माझ्या हातानं.

मी फार्मासिस्ट आहे. नागपुरात मानेवाडा रोडच्या आतल्या गल्लीत आमचं छोटं मेडिकल आहे, मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, सुरू केलेलं. हे सगळं घडलं 2024 च्या जुलैमध्ये. लिहायला इतका वेळ का लागला हे वेगळं सांगायला नको. लिहितेय कारण त्या शनिवारी घाबरून मी मोबाइलवर ‘चुकीचं औषध दिलं गेलं तर काय करावं’ असं मराठीत शोधलं होतं, आणि माझ्या कामाचं एक वाक्यही सापडलं नव्हतं.

मंगळवार, 9 जुलै. संध्याकाळी धो धो पाऊस, आठच्या सुमारास लाइट गेली, इन्व्हर्टरवर दोनच ट्यूब. काउंटरवर सहा-सात जण ओल्या छत्र्या घेऊन उभे. त्यात मागच्या गल्लीतल्या एका काकूंचा मुलगा नवीन चिठ्ठी घेऊन आला. काकूंचं वय 67. बोटांचे सांधे सुजत होते, संधिवात निघाला होता आणि पहिल्यांदाच औषध सुरू होत होतं. चिठ्ठीवर दोन मुख्य गोळ्या. मेथोट्रेक्सेट 7.5 मिलिग्रॅम आठवड्यातून एकदा, रविवारी. फॉलिक ॲसिड 5 मिलिग्रॅम, रविवार सोडून रोज.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मेथोट्रेक्सेट ही मुळात कॅन्सरवर वापरली जाणारी गोळी, संधिवाताला ती अगदी कमी मात्रेत आणि आठवड्यातून एकदाच देतात. शरीरातल्या फॉलिक ॲसिडच्या कामात ती अडथळा आणते, म्हणून भरपाईला फॉलिकची गोळी. दोन्ही बारीक, दोन्ही बहुधा पिवळ्या. हीच गोळी चुकून रोज घेतली गेल्यानं जगभरात माणसं दगावली आहेत. हे मी कॉलेजात शिकले होते. परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते.

माझी सवय अशी होती की आधी सगळी खाकी पाकिटं लिहून घ्यायची आणि मग एकेकात स्ट्रिप सरकवायची. भराभर होतं. मी एकावर लिहिलं ‘फक्त रविवारी 1, रात्री जेवणानंतर’, दुसऱ्यावर ‘रोज 1, रात्री जेवणानंतर’. तेवढ्यात कोणीतरी ओआरएसची पुडी मागितली. ती काढून दिली, सुटे मोजले, वळले आणि स्ट्रिपा भरल्या. उलट्या पाकिटांत.

शनिवारी, 13 तारखेला सकाळी साडेदहाला तोच मुलगा आला. “ताई, आईचं तोंड आलं आहे, काही जेल द्या ना. पाणीसुद्धा पिववत नाही.” मी जेलची ट्यूब काढून काउंटरवर ठेवली. आणि नेहमीच्या सवयीनं विचारलं, बाकी काय चालू आहे? त्यानं मोबाइल काढला. बहिणीला पाठवायला म्हणून त्यानं सगळ्या गोळ्यांचा फोटो काढून ठेवला होता. पलंगावरच्या फुलाफुलांच्या चादरीवर मेथोट्रेक्सेटची स्ट्रिप, चार खळगे फुटलेले. शेजारी पाकीट. ‘रोज’ मधला माझा ‘ज’ नेहमीसारखा खाली ओढलेला.

मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार. चार गोळ्या. आणि जी रोज जायला हवी होती ती फॉलिकची गोळी पाकिटात रविवारची वाट पाहत पडलेली.

खरं सांगते, दोन-तीन सेकंद असे गेले की त्यात मी जेल देऊन त्याला पाठवू शकले असते. त्याला काहीच कळलं नव्हतं. ट्यूब काउंटरवर होतीच.

मी म्हटलं, “भाऊ, थांबा. माझ्या हातून चूक झाली आहे. आठवड्याची गोळी रोजच्या पाकिटात गेली. काकूंनी ती चार दिवस रोज घेतली, म्हणून तोंड आलं असावं. आता ती गोळी द्यायची नाही. डॉक्टरांना मी आत्ता, तुमच्यासमोर फोन लावते.” तो माझ्याकडे पाहतच राहिला. मग एवढंच म्हणाला, “म्हणजे सिरियस आहे का?” इथे ‘नाही हो, काही होत नाही’ असं जिभेवर येतं. ते मी गिळलं, कारण ते मला माहीत नव्हतं. “रक्त तपासल्याशिवाय सांगता येणार नाही, आजच तपासावं लागेल,” इतकंच बोलले.

डॉक्टरांच्या क्लिनिकचा फोन तीनदा वाजून बंद झाला. चौथ्यांदा रिसेप्शनवरच्या मुलीनं उचलला आणि सर ओपीडीत आहेत, दोननंतर करा म्हणाली. आधी मी ‘औषधाबद्दल बोलायचं होतं’ असं गुळमुळीत सांगत होते. मग सरळ म्हटलं, “तुमच्या पेशंटला मेथोट्रेक्सेट चार दिवस रोज गेली आहे, तोंडात फोड आहेत, एवढं सरांना आत जाऊन सांगा.” सहा मिनिटांत डॉक्टरांचा स्वतःचा फोन आला. असा फोन करायची वेळ कोणावर आलीच तर कागदावर आधी लिहून घ्या: कोणती गोळी, किती मिलिग्रॅमची, एकूण किती गेल्या, शेवटची केव्हा, काय त्रास होतोय, वय, आणि बाकी काय चालू आहे. डॉक्टरांनी शेवटचं आवर्जून विचारलं, पेनकिलर घेतली का? मुलानं घरी फोन करून विचारलं. घेतली होती, कंबरेसाठी, दोन दिवस. पेनकिलरमुळे मेथोट्रेक्सेट शरीराबाहेर पडायला आणखी वेळ लागू शकतो. माझ्या कागदावर ते नव्हतंच.

सीबीसी म्हणजे रक्तपेशींची मोजणी, लिव्हर, आणि किडनीसाठी क्रिएटिनिन, तीन तपासण्या मिळून 1,150 रुपये. रिपोर्ट दुपारी चारला. पांढऱ्या पेशी 2,800, जिथे किमान 4,000 हव्यात. प्लेटलेट 1 लाख 12 हजार, त्याही कमीच. किडनी ठीक, ही त्यातल्या त्यात चांगली गोष्ट. संध्याकाळी काकूंना धंतोलीतल्या एका हॉस्पिटलमध्ये भरती केलं आणि ल्युकोव्होरिनची इंजेक्शनं सुरू झाली. मेथोट्रेक्सेटनं अडवलेली वाट या औषधानं पेशींना पुन्हा मोकळी होते, म्हणून अशा वेळी तेच देतात.

त्या रात्री घरी जेवायला कोणी बसलं नाही. मामाजी अंगणातल्या खुर्चीवर बसून म्हणाले, “काहून स्वतःच्या पायावर धोंडा मारून राहिली तू? डॉक्टरनं काय लिवलं ते त्यायलेच समजलं नसन म्हनाव. तीस वर्साचं दुकान आहे.” मामाजी वाईट माणूस नाहीत. त्यांच्या काळात हीच रीत होती, आणि खरं तर आजही आहे. ओळखीच्या एका वकिलांना विचारलं तर ते म्हणाले, ग्राहक आयोगात तक्रार करायला दोन वर्षांची मुदत असते, तोवर लेखी काही देऊ नका. मी तोवर देऊन बसले होते. बिलाची कॉपी, बॅच नंबर, किती गोळ्या कधी गेल्या, सगळं माझ्या सहीनं एका कागदावर, हॉस्पिटलच्या डॉक्टरांसाठी. तो कागद योग्य होता की नाही हे वकील आणि मी अजूनही वेगवेगळं मानतो.

रविवारी भेटायला गेले. घरून निघताना काय बोलायचं ते पाठ केलं होतं, खोलीत शिरल्यावर सगळं विसरले. काकूंच्या ओठांवर पांढरे चट्टे होते, बोलताना त्रास होत होता. तरी म्हणाल्या, “तू ‘रोज’ लिवलं होतं ना माय. मी एक दिवसबी खाडा नाही केला.”

या एका वाक्यातून मला जे समजलं ते आजवरच्या कोणत्याही ट्रेनिंगमध्ये समजलं नव्हतं. छापील चिठ्ठी इंग्रजीत होती, ती त्यांच्या घरात कोणी वाचलीच नाही. वाचलं गेलं ते मराठीतलं पाकीट. त्या घरापुरती तीच चिठ्ठी.

काकूंची मुलगी चिडलेली होती. “सॉरी म्हणून काय होते ताई? तुम्ही शिकल्या-सवरल्या आहात ना?” मी उत्तर दिलं नाही. माफी मागताना पावसाचं, लाइटचं, गर्दीचं काहीही सांगायचं नाही असं ठरवलं होतं. तेवढं एक पाळता आलं. चूक काय झाली, त्याचा शरीरावर काय परिणाम होतो, आता काय चालू आहे आणि खर्च मी देणार, या चारच गोष्टी सांगितल्या. खर्चाचं त्यांच्या मुलानं ‘नंतर पाहू’ म्हटलं. मंगळवारी डिस्चार्जच्या वेळी बिल झालं 24,300. तेवढं मी भरलं, पुढच्या तपासण्याही माझ्याकडे. प्रोफेशनल इन्डेम्निटी नावाचा, कामातल्या चुकीची भरपाई देणारा विमा फार्मासिस्टलाही काढता येतो हे मला तेव्हा फक्त ऐकून माहीत होतं. आता काढला आहे.

मधल्या सोमवारी, 15 तारखेला, 1800-180-3024 वर फोन केला. ही भारताच्या फार्माकोव्हिजिलन्स, म्हणजे औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवणाऱ्या, कार्यक्रमाची टोल-फ्री हेल्पलाइन, कामाच्या दिवशी सकाळी 9 ते संध्याकाळी 5.30. फोन करताना हात थरथरत होता, आता इन्स्पेक्टर दारात येणार असंच वाटत होतं. पलीकडच्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं की औषधाच्या दुष्परिणामासारखीच औषध देण्यातली चूकही कळवता येते, आणि जवळच्या मेडिकल कॉलेजच्या केंद्रात फॉर्म भरून देता येईल. बुधवारी 17 तारखेला आषाढी आणि मोहरम एकाच दिवशी, सुट्टी. म्हणून गुरुवारी गेले.

फार्माकॉलॉजी विभाग शोधण्यात वीस मिनिटं गेली. गेटवर ‘एडीआर सेंटर’, म्हणजे दुष्परिणाम नोंदवायचं केंद्र, विचारलं तर कोणाला कळत नाही, ‘फार्माकॉलॉजी’ विचारा. तास-सव्वा तास थांबावं लागलं, कारण मॅडमचं लेक्चर चालू होतं. फॉर्म मोठा नाही. पेशंटच्या नावाची फक्त आद्याक्षरं, वय, वजन, काय त्रास झाला आणि कधी सुरू झाला, संशयित औषध, कंपनी, बॅच, एक्स्पायरी, मात्रा, कधी सुरू कधी बंद, सोबतची औषधं, आणि त्रास किती गंभीर. भरती करावं लागलं असेल तर तिथे खूण करायची. पेशंटची ओळख गुप्त ठेवली जाते, आणि हा रिपोर्ट देणं म्हणजे दोष कबूल करणं नव्हे, हे फॉर्मवरच छापलेलं आहे. ते आधी वाचलं असतं तर सोमवारची झोप वाचली असती. बिल आणि स्ट्रिपचा फोटो सोबत ठेवा, मी बॅच नंबरासाठी दुकानात फोन करत बसले. खर्च शून्य. पेशंट किंवा नातेवाईक स्वतःही कळवू शकतात, त्यांच्यासाठी वेगळा सोपा फॉर्म आहे आणि तो मराठीतही मिळतो.

मॅडमनी सांगितलं, हे रिपोर्ट गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडे जातात आणि तिथून स्वीडनमधल्या उप्सालाला, जिथे जागतिक आरोग्य संघटनेसाठी सदस्य देशांची माहिती साठवली जाते. मानेवाड्याच्या पाकिटाचा हा प्रवास ऐकून मला भलत्या वेळी हसू आलं. मॅडमनी मात्र न हसता विचारलं, “दुकानात काय बदललं?” मी म्हटलं, आता काळजी घेते. “काळजी तर आधीही घेत होतात ना?” झालं, परत येताना स्कूटीवर डोक्यात तेच.

22 तारखेला पांढऱ्या पेशी 4,600 झाल्या. मी रिपोर्ट मोबाइलवर पाहिला आणि गोडाउनमध्ये जाऊन पाच मिनिटं बसले.

दुकानात मग काय काय केलं ते सांगते. सगळ्यात आधी, पाकीट लिहून ठेवायचं बंद. स्ट्रिप हातात, तिच्यावरचं नाव वाचायचं, पाकिटावर लिहायचं, आत सरकवायची, मगच दुसरं औषध. एका गिऱ्हाइकामागे अर्धा मिनिट जास्त जातो. मेथोट्रेक्सेट रॅकमधून काढून वेगळ्या स्टीलच्या डब्यात, डब्यावर लाल टेप. ती एका वेळी चारच देते, महिन्याच्या चार रविवारांच्या. पाकिटावर ‘आठवड्यातून एकदा’ लिहीत नाही. ‘फक्त रविवारी. रोज घ्यायची नाही,’ असं लाल पेनानं. आणि ‘समजलं ना?’ विचारणं सोडलं, कारण त्यावर अख्खं नागपूर ‘हो जी’ म्हणतं. त्याऐवजी, “घरी कोणती कधी द्याल, मला एकदा सांगा बरं.” पहिले काही दिवस लोकांना राग यायचा, परीक्षा घेता का म्हणून. 2015 च्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्समध्ये पेशंटला समजावून सांगणं हे आमचं कामच म्हणून लिहिलेलं आहे, पण रात्री आठला काउंटरवर उभं राहून ते करणं ही वेगळी गोष्ट.

आणि एक वही. शंभर पानी, वर लिहिलंय ‘वाचलो’. दुकानातून बाहेर जाता जाता पकडलेली प्रत्येक चूक त्यात. पहिली नोंद 9 जुलैची, माझ्या नावानिशी, आणि त्या वेळी काही वाचलो नव्हतो. आमच्याकडे कामाला असलेला मुलगा दहा दिवस वहीला हातच लावत नव्हता, पगार कापाल म्हणून. माझ्या तीन नोंदी पाहिल्यावर त्यानं पहिली लिहिली. दोन महिन्यांत 43 झाल्या, त्यातल्या निम्म्याहून जास्त संध्याकाळी सात ते नऊमधल्या.

त्यात काय नव्हतं! ब्लड प्रेशरच्या एकाच ब्रँडच्या पुढे ‘एच’, ‘एएम’ अशी शेपटं असतात, म्हणजे त्या गोळीत आणखी एक औषध मिसळलेलं, साध्याऐवजी शेपटीवालं निघालं. क्लोनाझेपाम या फिट आणि घबराटीवरच्या गोळीची 0.25 मिलिग्रॅमऐवजी 0.5. बाळाच्या पॅरासिटामॉलचं सिरप संपलं होतं म्हणून मुलानं ड्रॉप्स काढले. सिरपमध्ये 5 मिलीला 125 मिलिग्रॅम, ड्रॉप्समध्ये 1 मिलीलाच 100. आईनं सिरपच्या मापानं 5 मिली पाजलं असतं तर 500 गेलं असतं. सगळ्यात धडकी भरवणारी नोंद इन्सुलिनची. एक काका 100 युनिटवाली, म्हणजे एका मिलीत 100 युनिट असलेली, बाटली घेऊन सिरिंज मात्र 40 ची, लाल टोपणाची, मागत होते, कारण ‘नेहमी हीच असते’. त्या सिरिंजवर 20 ची खूण गाठली की त्या बाटलीतून 50 युनिट आत जातात. त्यांना केशरी टोपणाची दिली आणि दोन्ही शेजारी ठेवून दाखवलं.

आणि कापलेल्या स्ट्रिपा. चार गोळ्या मागतात, आपण कात्रीनं कापतो, आणि नाव नि एक्स्पायरी उरलेल्या तुकड्यावर राहते. दुकानातल्या तुकड्यावर नाव राहावं म्हणून कापायचं नाव नसलेल्या बाजूनंच, पण आता कापलेला तुकडा नाव लिहिलेल्या पाकिटाबाहेर द्यायचा नाही. दवाबाजारातल्या एका जुन्या होलसेलरला हे सांगितलं तर तो म्हणाला, ताई, इतकं पाहाल तर धंदा कवा कराल?

17 सप्टेंबर हा जागतिक रुग्ण सुरक्षा दिन, आणि तेव्हापासून 23 पर्यंत आपल्याकडे फार्माकोव्हिजिलन्स सप्ताह असतो. त्या आठवड्यात आमच्या भागातल्या केमिस्ट लोकांच्या बैठकीत मी हे सगळं सांगितलं. सांगताना कोणी काही बोललं नाही. नंतर चहाच्या वेळी तिघांनी वेगवेगळं बाजूला घेऊन आपापलं सांगितलं, आवाज खाली करून. एकाचं अकरा वर्षांपूर्वीचं होतं. त्यानं घरीही कोणाला सांगितलेलं नव्हतं.

काकूंची गोळी डॉक्टरांनी ऑगस्टमध्ये कमी मात्रेवर पुन्हा सुरू केली. ती आता आमच्याकडून जात नाही. त्यांच्या मुलीनं दुसरं दुकान ठरवलं, आणि त्यात मला बोलायला जागा नाही. मुलगा गल्लीतून जाताना गाडीवरून मान हलवतो.

दिवाळीच्या आधी एका रात्री त्याचा व्हॉट्सॲपवर फोटो आला. तीच फुलाफुलांची चादर, नव्या दुकानाचं पांढरं पाकीट, त्यावर ‘आठ. 1’. खाली विचारलं होतं, ‘ताई हे बरोबर आहे ना?’

मी लिहिलं, ‘गोळी बरोबर आहे. पण उद्या जाऊन त्यांच्याकडून वार लिहून घ्या.’